डब्यातला आवाज

१

"ताई, हिचा आवाज चोरीला गेलाय."

चष्मेवाले काका दुकानाच्या दारात उभे राहून एवढंच म्हणाले. मी एका हार्ड डिस्कचं पोट उघडून बसले होते, आणि अशा वेळी कुणी मध्येच बोललं की माझं डोकं फिरतं. पण काकांचा चेहरा बघितला आणि हातातला चिमटा खाली ठेवला.

मी बिघडलेल्या डिस्क दुरुस्त करते. दुरुस्त नाही झाल्या तर आतलं जेवढं निघेल तेवढं काढून देते. गल्लीत मला डिस्कांची वैदीण म्हणतात, आणि वैदिणीकडे यावं तशीच माणसं येतात, सगळे उपाय थकल्यावर. निम्मे रडवेले असतात, उरलेले माझ्यावरच खेकसतात. काका दोन्ही करत नव्हते. स्टुलावर बसले, चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.

काका म्हणजे चौकातले जुने चष्मेवाले. नंबर काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता दुकान मुलगा बघतो. त्यांची बायको, आमच्या काकू, एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायच्या. पर्समध्ये पावडर-कंगवा नाही, पण स्क्रूड्रायव्हर हमखास. माझ्याकडे डिस्क घ्यायला आल्या की आधी ती कानाशी धरून चालू करायला लावायच्या आणि सांगायच्या, ही नको, ही लवकर जाणार. आणि ती जायचीच. मला मनातून फार राग यायचा आणि फार आवडायच्याही.

घरातला डबा त्यांनीच बांधलेला. चपलांच्या खोक्याएवढा, काळा, आत दोन हार्ड डिस्क. घरातले सगळे फोटो, गाणी, कागद त्या एका ठिकाणी, आणि टीव्हीवरून किंवा फोनवरून घरातल्या कुणालाही उघडता येतात. लोक त्याला घरचा सर्व्हर म्हणतात, काकांकडे त्याला डबाच म्हणायचे.

मग काकूंच्या घशाला ते दुखणं झालं. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल पण आवाज जाईल, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या आधी काकू रोज स्टुडिओत जाऊन बसल्या आणि बोलल्या. गोष्टी वाचल्या, जाहिराती वाचल्या, काकांना घालायच्या शिव्यासुद्धा बोलून ठेवल्या. ते सगळं त्या डब्यात. ऑपरेशननंतर वर्षभर त्या होत्या. मग दुखणं परत आलं आणि त्या गेल्या. तेव्हापासून काका रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून बायकोचा आवाज ऐकायचे. आमच्यासारख्यांना बातम्या लागतात, त्यांना तो लागायचा.

काल संध्याकाळी टीव्हीवर डबा दिसेना. काकांनी बटण दाबलं, पंखा फिरला, पुढे काही नाही. मग त्यांनी डब्याच्या मागं बघितलं. तिथं एक निळा पेनड्राइव्ह असायचा. मशीनला सुरू कसं व्हायचं हे सांगणारी सिस्टीम त्या पेनड्राइव्हवर होती. काकूंनी डबा बांधला तेव्हाच बजावलं होतं, की जगात काहीही होवो, हे निळं काढायचं नाही, याच्यावाचून डबा उठणार नाही. आणि ते निळं तिथं नव्हतं.

"सुनेनं घेतलंय," काका म्हणाले. "मेहुणीनं तिच्या पर्समध्ये बघितलं. मी सगळ्यांसमोर विचारलं, तर नाहीसुद्धा म्हणाली नाही. आत गेली आणि बॅग भरायला घेतली. रविवारी हॉस्पिटलच्या हॉस्टेलवर राहायला जातेय."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मुलगा एक, सून एक, आणि घर मोडायला निघालेलं. मी दुकानाचं शटर ओढलं.

२

डबा काकांच्या खोलीत टीव्हीजवळच्या लांब टेबलावर होता. काकांना बाहेर जायला सांगितलं तर जाईनात, म्हणून त्यांना पलंगावर बसवलं आणि काम करता करता विचारत गेले. पेनड्राइव्ह शेवटचा कधी बघितला? परवा, ते ठामपणे म्हणाले. निळा दिवा रोज लुकलुकताना दिसायचा, मागच्या भिंतीवर त्याचा उजेड पडायचा. त्यांच्या नजरेवर मी शंका घेतेय असं वाटून ते जरा दुखावले. जन्मभर दुसऱ्यांची नजर तपासलेला माणूस, त्याला हे विचारणं म्हणजे आगाऊपणाच. मी गप्प बसले.

पण बघत होते. टेबलाच्या डाव्या टोकाला धुळीत चार गोल ठिपके होते, रबरी पायांचे. डबा होता उजव्या टोकाला. डाव्या बाजूची भिंत ओल धरलेली, तिच्यावर ताजं प्लास्टर मारलेलं, आणि डब्याच्या डोक्यावर पांढरे शिंतोडे. म्हणजे कुणीतरी डबा उचलून हलवला होता, आणि तोही एकदोन दिवसांत. वायर उपटल्याशिवाय तो हलत नाही.

टेबलाखाली वाकले तर एक पिवळं टोपण सापडलं, पेनड्राइव्हचं. निळ्या पेनड्राइव्हला पिवळं टोपण कोण घालेल? ते खिशात टाकलं.

मग डबा फिरवला, टॉर्च लावला, आणि पेनड्राइव्ह जिथं असायचा ते भोक बघितलं. तोंडावर धुळीचा पापुद्रा होता. नुसती वरवरची धूळ नाही, कोपऱ्यातून कोपऱ्यात कोळिष्टक धरलेलं, मऊ आणि अखंड. काल-परवा तिथून काही उपटलं असतं तर ते फाटलं असतं. या भोकात निदान वर्षभर काही नव्हतं.

मी तिथंच फतकल मारून बसले. चोरी काल झाली असं घर म्हणत होतं. पण पेनड्राइव्ह तर कधीचा गेलेला. मग परवापर्यंत डबा सुरू होता तो कशाच्या जोरावर?

३

काकूंची धाकटी बहीण, घरातली मावशी, दोन गल्ल्या सोडून राहते. मला वाटलं होतं ती तोंड भरून सुनेच्या तक्रारी सांगेल. झालंही तसंच. पर्स उघडी होती, सहज नजर गेली, निळं दिसलं, वगैरे. मी विचारलं, काल तुम्ही भावोजींच्या खोलीत गेला होता का? छे, पाऊलसुद्धा टाकलं नाही म्हणाली. तिच्या किल्ल्यांच्या जुडग्याला एक पिवळा पेनड्राइव्ह लटकत होता, उघडा. मी खिशातून टोपण काढून त्याला बसवलं. खटकन बसलं.

तिनं जुडगा मुठीत झाकला. मग रडायला लागली, आणि माझा सगळा तोरा उतरला. मोठ्या बहिणीनंच तिला लहानाचं मोठं केलेलं. बहीण गेल्यावर तिनं भावोजींकडे आवाजाची एक प्रत मागितली होती. ते म्हणाले, नंतर बघू. दुसऱ्यांदा मागितली, तेव्हा म्हणाले, तिचा आवाज काय वाटत फिरायची चीज आहे? तिसऱ्यांदा मागायची लाज वाटली. म्हणून काल दुपारी काका बाहेर गेलेले बघून तिनं आपला पेनड्राइव्ह डब्याच्या पुढच्या भोकात घातला होता. डबा आधीच मेलेला. तिला वाटलं आपल्यामुळेच मेला. आणि त्या भीतीत, संध्याकाळी आरडाओरडा झाल्यावर, तिनं सुनेच्या पर्सकडे बोट दाखवलं.

ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत, पण इतकी घाबरलेली कुणी बघितली नव्हती. मी विचारलं, पर्समधलं निळं तरी खरं का? ते मात्र खरं, ती म्हणाली. बहिणीच्या वस्तू मी ओळखणार नाही का?

मुलगा दुकानात काचा घासत होता. मी प्लास्टरचं विचारलं मात्र, त्याच्या हातातली काच निसटली. भिंत ओली झाली होती, ओल डब्यापर्यंत येईल म्हणून त्यानं काल सकाळी, वडील बाहेर गेले असताना, डबा उचलून पलीकडे ठेवला. वायर काढली, परत लावली. डबा सुरू होईना. रात्रंदिवस चालणारं मशीन, कधी बंदच झालं नव्हतं, आणि नेमकं त्याच्या हातून झालं. मग तू बोलला का नाहीस, असं मी जरा चढ्याच आवाजात विचारलं.

त्याचं म्हणणं असं, की गेले कित्येक महिने तोच वडिलांच्या मागे लागला होता, बाबा, रोज रोज ते ऐकू नका, बाहेर पडा, चार माणसांत बसा. आता मी बंद पाडला म्हणालो तर त्यांना वाटेल मुद्दाम पाडला. आणि बायकोवर आळ आला तेव्हा तरी? तेव्हा तो आणखीच गप्प झाला होता. कारण पेनड्राइव्ह तिच्याकडे आहे हे त्यालाही कालच कळलं होतं, आणि का आहे हे ती त्यालाही सांगत नव्हती.

त्यानं डोळे पुसले आणि परत काच घासायला घेतली. मावशी काय, मुलगा काय, दोघंही काही ना काही लपवून बसलेली. उरली होती सून.

४

सून नर्स आहे. गॅलरीत उभी राहून युनिफॉर्मच्या घड्या घालत होती. बॅग उघडीच होती, निम्मी भरलेली. मला बघून तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मी काही विचारायच्या आधीच बोलली.

"मी चोरलेलं नाही, ताई. पण ते माझ्याकडे आहे."

"कुणी दिलं?"

"ज्यांचं होतं त्यांनी."

म्हणजे काकूंनी. मी म्हटलं, मग हे काल सगळ्यांसमोर सांगितलं असतं तर संपलं असतं. ती नुसतीच घडी घालत राहिली. पेनड्राइव्हवर काय आहे, विचारलं. वचन दिलंय, सांगणार नाही म्हणाली. मी हट्टाला पेटले. मी म्हटलं, बाई गं, तुझा संसार मोडायला निघालाय, सासरा तुला चोर म्हणतोय, आणि तू वचनाला चिकटून बसलीयस. काका तर मागतायत की, देऊन टाक.

तिनं हातातली घडी खाली ठेवली. रात्रपाळी केलेल्या माणसाचे डोळे असतात तसे तिचे डोळे होते.

"बाबांनी चोरीचा माल मागितला," ती म्हणाली. "आईंचं काही मागितलं नाही. आईंनी मला सांगितलंय, त्यांनी मागितलं तरच दे. आपण होऊन देऊ नकोस."

आईंनी सांगितलंय. हे वाक्य माझ्या कानाला खटकलं, पण का खटकलं ते तेव्हा कळलं नाही. मी उठून डब्याकडे गेले.

५

मशीन कधी खोटं बोलत नाही, म्हणून मला माणसांपेक्षा मशीन बरं वाटतं. डब्याला मी आपला छोटा स्क्रीन जोडला आणि बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी आल्या. सुरू करायला काही सापडत नाही, असं मशीन सांगत होतं, आणि कोपऱ्यात तारीख दाखवत होतं, काकूंनी डबा बांधला त्याच्याही कितीतरी आधीची.

इथं माझा अर्धा उलगडा झाला. अशा मशीनच्या आत नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज नसताना तारीख आणि सेटिंग लक्षात ठेवणं एवढंच तिचं काम. ही बॅटरी केव्हाच मेली होती. पण डबा रात्रंदिवस भिंतीच्या विजेवर चालू, वीज गेली तर इन्व्हर्टर, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. काल मुलानं वायर काढली आणि मशीन सगळं विसरलं. कारखान्यातून आलं तेव्हा होतं तसं झालं, म्हणजे फक्त पेनड्राइव्ह शोधायचा आणि डिस्ककडे बघायचंसुद्धा नाही. त्या जुन्या बोर्डाची ती खोडच आहे, मला माहीत आहे, कारण बोर्ड माझ्याच दुकानातला होता.

मी नवी बॅटरी घातली. सेटिंगमध्ये जाऊन पेनड्राइव्हऐवजी पहिल्या डिस्ककडे बघ असं सांगितलं. अंदाजानंच. आणि डबा उठला. डिस्क गुरगुरल्या, ओळी सरसर वर गेल्या, मागच्या भिंतीवर निळा उजेड लुकलुकायला लागला. पलंगावरून काका एकदम उभे राहिले. निळा पेनड्राइव्ह नव्हताच. नेटवर्कची केबल लावतात त्या खाचेतला दिवा होता तो. काका वर्षभर त्यालाच पेनड्राइव्ह समजत होते.

त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी रिमोट घेतला, आणि टीव्हीतून काकूंचा आवाज आला, खणखणीत, कुठल्याशा साबणाची जाहिरात वाचणारा. काकांनी पलंगाच्या कडेला टेकून आवाज वाढवला. मी पाठ फिरवून काम करत राहिले, कारण माझंही तोंड बघण्यासारखं राहिलं नव्हतं.

पहिल्या डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा तुकडा वेगळा कापलेला होता. पार्टिशन म्हणतात त्याला. मोठ्या डिस्कमधला एवढासा भाग आखून वेगळा करायचा, त्यात सिस्टीम ठेवायची, म्हणजे मशीन आपलं आपण सुरू होतं, मागं पेनड्राइव्ह लटकवून ठेवावा लागत नाही. रोज लिहून-पुसून पेनड्राइव्ह झिजतात, एक दिवस अचानक दगा देतात. ज्याला डबा वर्षानुवर्षं चालायला हवाय तो हे करतो. नीटस काम होतं, आणि या घरात असं काम एकाच माणसाला येत होतं.

मी त्या पार्टिशनची तारीख बघितली आणि परत एकदा बघितली. ऑपरेशनच्या नंतरची होती.

६

मी सगळ्यांना खोलीत बोलावलं. मावशीला मुलगा जाऊन घेऊन आला. सून दारातच उभी राहिली, आत येईना.

मी सरळ सांगितलं की चोरी झालेलीच नाही. पेनड्राइव्ह वर्षापूर्वी काकूंनी स्वतः काढला आणि सिस्टीम डिस्कवर नेली. काल सकाळी वायर निघाली, मेलेल्या बॅटरीमुळे मशीन विसरलं, आणि काकांनी मागं बघितलं तेव्हा त्यांना पहिल्यांदाच दिसलं की निळं नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली. मुलानं मान खाली घालून आपला वाटा कबूल केला, मावशीनं आपला. काका दोघांवरही रागावले नाहीत. मावशीला एवढंच म्हणाले, की तुला प्रत द्यायला हवी होती, मी कंजूषपणा केला.

खरं तर इथं माझं काम संपलं होतं. पण एक गोष्ट मला सोडत नव्हती. काकू एक स्क्रू बदलला तरी नवऱ्याला तासभर समजावून सांगणाऱ्या. निळं काढू नका म्हणून ज्यांनी बजावलं, त्याच ते काढतात, आणि सांगत नाहीत? आणि सुनेचं ते वाक्य. आईंनी मला सांगितलंय. ऑपरेशननंतर?

"काका," मी विचारलं, "ऑपरेशननंतर काकू बोलायच्या का?"

"नाही हो. आवाजच काढून टाकला होता. पाटीवर लिहायची."

सूनबाई दारातून म्हणाली, "बोलायच्या."

खोलीत सगळे तिच्याकडे वळले. ती आत आली. सासऱ्यासमोर जमिनीवर बसली, आणि मग तिनं सांगितलं. घशातला आवाज गेला तरी हवा गिळून, ती ढेकरासारखी वर आणून बोलायला शिकता येतं. फार कष्टाचं असतं. हॉस्पिटलात शिकवतात, सून ते घरी करून घ्यायची. दुपारी, काका बाहेर गेले की. आधी नुसतं पा, का. मग शब्द. महिनोन्महिने दोघी बसल्या होत्या. आवाज खरखरीत निघायचा, बाईचा की पुरुषाचा कळू नये असा, पण शब्द होते.

"एकदा त्या तुमच्याशी बोलल्या होत्या, बाबा," ती म्हणाली.

काकांनी डोळे मिटले. त्यांना आठवत होतं, हे आम्हा सगळ्यांना दिसलं. कधीतरी संध्याकाळी बायको जवळ येऊन उभी राहिली होती आणि तिच्या गळ्यातून घरघर झाली. त्यांना वाटलं तिला त्रास होतोय. मान लाल झालेली, डोळ्यांत पाणी. त्यांच्यानं बघवेना. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि पाटी आणून दिली.

"काय म्हणालो होतो मी?" त्यांनी सुनेला विचारलं. त्यांना ते आमच्यासमोर स्वतः बोलवत नव्हतं.

"म्हणालात, तू कष्ट घेऊ नकोस. तुझा आवाज माझ्याकडे आहे. आणि डबा लावलात."

प्रेमानंच म्हणाले होते. यात वाईट माणूस कुणीच नाही. त्या संध्याकाळनंतर काकू त्यांच्यासमोर एकदाही बोलल्या नाहीत. त्यांना आपला जुनाच आवाज हवाय ना, तर तो कधी बंद पडू नये, म्हणून काकूंनी सिस्टीम झिजणाऱ्या पेनड्राइव्हवरून डिस्कवर नेली. मोकळा झालेला पेनड्राइव्ह फेकवेना. वस्तू वाया घालवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. दुपारी सुनेबरोबर पहिल्या दिवसापासून जे बोलायच्या ते सुनेच्या फोनवर होतं, ते आणि पुढचं सगळं त्यांनी त्याच्यावर साठवलं. डब्यात ठेवलं असतं तर काकांना टीव्हीवर दिसलं असतं, आणि नको असलेलं त्यांच्यावर लादायचं नव्हतं.

आणि तो पेनड्राइव्ह घेऊन ही पोरगी एवढे महिने हिंडत होती. चोर म्हणवून घेतलं, पण सासूच्या शब्दाबाहेर गेली नाही.

७

टीव्हीवर काकांनी मघाशी थांबवलेल्या जाहिरातीचं नाव तसंच होतं. मुलानं पुढं होऊन ती जाहिरात बंद केली.

मग काका पलंगावरून उतरले आणि सुनेसमोर जमिनीवर बसले. गुडघे धरतात त्यांचे, तरी बसले. म्हणाले, मी तुला चार माणसांत चोर म्हणालो, माझं चुकलं, तू जाऊ नकोस. ती रडत होती, तिनं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

"आणि तिचं जे काय तुझ्याकडे आहे," ते म्हणाले, "ते मला ऐकायचंय. देशील का?"

तिनं पर्समधून तो काढला. निळा रंग कडेनं उडालेला. मी डब्याच्या पुढच्या भोकात घातला. टीव्हीवर एकाखाली एक नावं आली, नुसत्या तारखा. सुनेनं त्यातली एक निवडली.

आधी श्वास गिळल्याचा आवाज आला. मग खरखर. तुटक, जाड, मध्येच अडकणारी. काकूंना मी इतकी वर्षं ओळखत होते. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मावशीनं तोंडावर पदर धरला. काका टीव्हीकडे नाही, आवाज जिथून येत होता त्या स्पीकरकडे सरकले, आणि संपल्यावर हवालदिल होऊन सुनेकडे बघायला लागले.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, अहो, ते निळं मी काढलंय. आता डबा त्याच्यावाचून सुरू होईल. घाबरू नका." तिनं रिमोट उचलला. "हे तुम्हाला सांगायचं म्हणून आठवडाभर घोकत होत्या. पुढचं लावू?"

पुढचं लावलं. तेही मला कळलं नाही. सून सांगत गेली. खोलीला हवा द्या, भिंत ओली होतेय. डोळ्यात औषध घाला. आज मला बरं वाटतंय. तुमच्या शर्टाचं बटण लावून ठेवलंय. असलीच वाक्यं होती, कुठल्याही घरातली. एकेका वाक्याला किती वेळ लागत होता, तो श्वास गिळण्याचा आवाज किती वेळा येत होता, ते ऐकवत नव्हतं. काका एकेक परत लावायला सांगत होते, कपाळाला आठ्या घालून ऐकत होते, आणि प्रत्येक वेळी सुनेकडे वळत होते.

"मला काहीच कसं कळत नाही गं? माझी बायको आहे ती. तुला कसं कळतं?"

"मी रोज ऐकत होते, बाबा."

हे तिनं टोचून म्हटलं नव्हतं. खरं तेच म्हटलं होतं. काकांनी ते ऐकलं आणि हुंदका दाबला नाही, मोठ्यानं रडले, मुलगा जवळ आला तरी थांबले नाहीत. आम्ही कुणीच त्यांना गप्प करायला गेलो नाही.

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "रोज ऐकलं तर मला कळेल?"

"कळेल. मलाही सुरुवातीला कळत नव्हतं."

"मग पहिल्यापासून लाव."

ती यादीत अगदी वर गेली आणि सगळ्यात जुन्या तारखेवर बोट ठेवलं. तिचा फोन वाजत होता, हॉस्टेलचा नंबर दिसत होता, तो तिनं उलटा करून ठेवला. स्पीकरमधून कुणीतरी हवा गिळली, आणि खूप कष्टानं म्हटलं, पा.